स्वमग्न बालक आणि संवादाचा प्रारंभ

'तुझे नाव काय?' या प्रश्नाला अचूक उत्तर देणारे स्वमग्न बालक तहान लागली असता स्वतःहून पाणी मागेलच, असे नाही. उत्तर देणे आणि संवादास आपण होऊन प्रारंभ करणे ही दोन भिन्न कौशल्ये होत. पोटात दुखत असल्याचे सांगता न येणारे, किंवा कामोठ्याजवळील मानसरोवर रेल्वेस्थानकाच्या गर्दीत आईचा हात सुटला असता कोणाकडेही मदत न मागणारे मूल संकटात सापडू शकते. त्यामुळे हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. मातेच्या मायेच्या अभावी ती उद्भवते, हा एकेकाळचा समज पुढे निराधार ठरला. तिचा संबंध मेंदूच्या विकासाशी आहे.

संधी आणि प्रतीक्षा

मुलाला हवी असलेली वस्तू आधीच पुढे केली, तर मागण्याचे कारणच उरत नाही. म्हणून आवडता खाऊ घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवावा. झोका देता देता थांबावे आणि काही क्षण शांतपणे वाट पाहावी. मुलाने पाहिले, हात धरला किंवा एखादा शब्द उच्चारला, की लगेच प्रतिसाद द्यावा. 'काय हवे?' असे विचारू नये; कारण मग ते उत्तर ठरते, प्रारंभ नव्हे. डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्तीही नसावी.

न बोलणाऱ्या मुलांसाठी बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत विकसित केली. हव्या वस्तूचे चित्र मूल समोरच्या व्यक्तीच्या हाती देते. आरंभी दुसरी व्यक्ती मागे बसून, न बोलता, त्याच्या हाताला साहाय्य करते व ते क्रमाक्रमाने कमी करते.

सवंगड्यांचा वाटा

वर्गातील दोन-तीन समंजस मुलांना थांबण्याची, चित्र स्वीकारण्याची आणि खेळात सामील करून घेण्याची रीत शिकवावी. न विचारता मुलाने किती वेळा, कोठे आणि कोणाशी संवाद साधला, याची नोंद शिक्षकांनी ठेवावी. शिक्षकाजवळ साधलेली गोष्ट घरी व मैदानावरही दिसू लागली, तरच शिक्षण सार्थ झाले असे समजावे.

शासन आणि समाज

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास नजीकच्या अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कामोठे परिसरातील पालकांना खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र जवळचे आहे. आसपासच्या गावांत अंगणवाडी सेविकांनी लक्षणे वेळीच ओळखून पालकांना मार्ग दाखवावा, आणि पंचायत सदस्यांनी दिव्यांग कल्याणाच्या राखीव निधीतून अशा शिक्षणाला हातभार लावावा. मुलाने स्वतःहून पुढे केलेला हात रिकामा परत जाऊ नये, ही जबाबदारी सर्वांचीच आहे.