हरिश्चंद्रगडावर बसायलाही वेळ ठेवा

शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस निघते. पहाटेच्या अंधारात पायथा, टॉर्चच्या उजेडात चढाई, तारामती शिखरावर फोटो, कोकणकड्यावर फोटो, पिठलं-भाकरी, आणि दुपारी उतरून परतीची बस. हरिश्चंद्रगड हल्ली बहुतेकांचा असाच होतो. यादीत एक गड वाढतो आणि त्यात वाईट काहीच नाही. अशी यादी नसती, तर कित्येकांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलंच नसतं. पण अख्खी रात्र जागून चढलेल्या माणसाला सकाळी आठ वाजता केदारेश्वराच्या गुहेसमोर पेंग येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून एकच आग्रह धरतो. ट्रेकचं वेळापत्रक लिहाल तेव्हा चढाई आणि उतराईच्या शेजारी बसण्याचे तासही लिहा. उरलेल्या वेळात निवांत बसू म्हटलं, की तो वेळ उरत नाही.

सुरुवात वाट निवडण्यापासून. गडावर यायच्या वाटा बऱ्याच आहेत, पण शनिवार-रविवारच्या भटक्यांसाठी मुख्य दोन. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांब आणि दमवणारी. खिंडीत वाघाचं शिल्प, पुढे रेलिंग लावलेला कातळटप्पा आणि त्यानंतर टेकड्यांमागून टेकड्या. देवळापर्यंत चार-पाच तास सहज जातात. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून मात्र दोन-अडीच तासांत माणूस देवळापाशी पोचतो.

पाचनईची वाट 'सोपी' म्हणून तिच्याकडे नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. पाय अजमावायचे असतील तर तोलार खिंड घ्या, दिवस चालण्याला द्या, आणि त्या दिवशी गड नीट पाहायचा हट्ट सोडा. गड पाहायचा असेल तर पाचनईने या. वाटेत वाचलेले दोन तास वर वापरा. एका फेरीत दोन्ही साधायला गेलं, की दोन्ही अर्धवट राहतं.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला हिशोब अजून कामाचा आहे: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपल्याकडचं ऊन, पाठीवरची सॅक आणि गटातला सर्वांत सावकाश चालणारा लक्षात घेऊन मी त्याची दीडपट करतो. शिवाय परत फिरायची वेळ आधीच ठरवतो आणि ती सगळ्यांना सांगून ठेवतो. त्या वेळी तारामतीचा माथा अर्ध्या तासावर असला तरी मागे वळायचं.

पाचनईहून सकाळी सातला निघालात तर साडेनऊच्या सुमाराला हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात असाल. इथे घाई नको. आधी पुष्करणीच्या काठचे कोनाडे बघा. मग देवळाभोवती एक सावकाश फेरी मारा. शिखरावरचं कोरीव काम लांबून एकसारखं वाटतं. जवळ उभं राहिलं की थर सुटे दिसू लागतात. परिसरातले शिलालेख शोधा. चांगदेवांनी या गडावर तप केलं, 'तत्त्वसार' इथेच लिहिलं, अशी परंपरा आहे. केदारेश्वराच्या गुहेत भल्यामोठ्या शिवलिंगाभोवती थंडगार पाणी साचलेलं असतं आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालायची तर अंग पुसायला पंचा आणि कोरडे कपडे हवेतच. हे सगळं दीड तासात उरकतं, पण अडीच तास ठेवा.

आता तारामती की कोकणकडा? एका दिवसाच्या फेरीत मी कड्याच्या बाजूने कौल देतो. तारामतीचा माथा 1400 मीटरहून उंच, महाराष्ट्रातल्या उंच शिखरांपैकी एक, आणि तो पुढच्या खेपेलाही तिथेच असेल. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की उन्हात त्याचा अर्धगोल उजळतो. काठावर उभं राहू नका. कडा आतल्या बाजूला खोल गेलेला आहे, वारा कधी उलटा उसळेल सांगता येत नाही. पालथं पडून, मागे कोणीतरी असताना डोकवा. मग काठापासून चांगलं मागे येऊन तासभर बसा. मोबाइल सॅकमध्ये, गप्पा बंद. सुरुवातीची दहा मिनिटं कंटाळवाणी जातात, ती जाऊ द्या. त्यानंतर खालून वर झेपावणाऱ्या पाकोळ्या दिसू लागतात, कोकणातली एकेक वाडी वेगळी ओळखू येते.

कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला या कड्यावरून गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र दिसल्याची नोंद आहे. पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुकं असं जुळून आलं तरच ते दिसतं. कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे त्याला सकाळच हवी. तेवढ्यासाठी मुक्काम करणारे असतात. तो कुठे चालतो याचा वनखात्याचा सध्याचा नियम पायथ्याच्या गावातच विचारून घ्या.

सगळीकडे रेंगाळणं मात्र बरोबर नाही. कातळटप्प्यावर, पावसाळ्यातल्या ओढ्यात, दगड सुटणाऱ्या घळीत थांबलेला माणूस स्वतःसकट मागच्यांनाही धोक्यात घालतो. तिथून लक्ष देऊन, न थांबता पार व्हायचं. बेलपाड्याहून येणाऱ्या नळीच्या वाटेला तर हे पुरेपूर लागू आहे. ती वाट अनुभवी गट, दोर आणि माहीतगार वाटाड्या असल्याशिवाय करू नये, आणि त्या दिवशी चढाई हेच काम.

हंगाम म्हणाल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम: सोनकीने पठार पिवळं झालेलं असतं आणि कारवीचं फुलायचं वर्ष असेल तर उतार जांभळे दिसतात. फुलांत शिरून फोटो काढू नका, मळलेली वाट सोडू नका. हे अभयारण्य आहे. माणशी तीन लिटर पाणी पायथ्यापासून घ्या. जेवण देवळाजवळच्या गावकऱ्यांकडे पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, म्हणजे चूल पेटेपर्यंत तुमची देवळाची फेरी होते आणि त्यांचीही धांदल होत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा कड्यावरून चारला उठा आणि डोक्याला लावायची टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही सॅकमध्ये ठेवा.