मार्गवर्णनाची भाषा : एका तळ्याभोवतीची फेरी



मागील घटकात आपण दर्शक शब्दांचा विचार केला. असे शब्द प्रत्यक्ष लेखनात कसे वागतात हे पाहण्यासाठी प्रस्तुत घटकात एका वर्तुळाकार वाटेचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात स्टाउरहेड नावाची जुनी वतनवाडी आहे. तिचा मालक हेन्री होअर हा लंडनमधील पेढीवाल्या घराण्यातला. त्याने अठराव्या शतकाच्या मध्यास तेथील ओढ्यांना बांध घालून तळे निर्माण केले, काठाने झाडी लावली आणि झाडीत देवळांसारख्या वास्तू उभारल्या. झाडीतून जाणारी वाट तळ्याला वेढा घालून आरंभस्थानी परत येते.

दगडी पुलाजवळ उभे राहिल्यास पाण्यापलीकडे घुमटाचे पँथिऑन दिसते. ते समोर असले तरी तेथे थेट जाता येत नाही. वाट उजवीकडे वळते, फ्लोराच्या मंदिरावरून पुढे जाते, झाडीत शिरते आणि कृत्रिम गुहेत उतरते. तोवर पँथिऑन अनेकदा दृष्टिआड होते. अखेर आपण त्याच्या पायऱ्यांवर पोहोचतो आणि मागे वळून पाहतो, तो मघाचा पूल आता ‘पलीकडे’ गेलेला असतो. पूल जागचा हललेला नाही. बोलणारा हलला आहे. ‘अलीकडे’ व ‘पलीकडे’ या शब्दांना बोलणाऱ्याच्या जागेवाचून अर्थ नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा ही वाट अधिक चांगले शिकवते.

आता दिशांकडे वळू. या फेरीत चालणारा आधी साधारण उत्तरेकडे, मग पश्चिमेकडे, पुढे दक्षिणेकडे आणि शेवटी अपोलोच्या मंदिराची टेकडी चढून-उतरून पुन्हा पुलाकडे येतो. मुख्य दिशा सतत बदलत राहतात. परंतु तळे मात्र आरंभापासून शेवटपर्यंत डाव्या हातालाच राहते. म्हणजे वर्तुळाकार वाटेचे वर्णन करताना ‘तळे डावीकडे ठेवून चाला’ हे एक वाक्य चार दिशांचे काम करते. सरळ रस्त्याला हा नियम लागू नाही. तेथे ‘डावीकडे वळा’ एवढेच लिहिणारा वाचकाची फसगत करतो, कारण वाचक कोणत्या बाजूने येत आहे हे त्याने सांगितलेलेच नसते. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मला दरवर्षी आढळते.

या फेरीला मराठीत काय म्हणावे? ‘प्रदक्षिणा’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो येथे चालणार नाही. त्यात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हा अर्थ आहे. देवता उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा होते. नर्मदेची परिक्रमा करणाराही नदीला उजवीकडे ठेवतो. स्टाउरहेडची रूढ वाट नेमकी उलट आहे. ‘अपसव्य’ हा शब्द दिशेच्या दृष्टीने बिनचूक असला, तरी त्याला श्राद्धकर्माचा संदर्भ इतका चिकटलेला आहे की बागेतील फिरण्यासाठी तो कोणी वापरणार नाही. ‘वळसा’ म्हटले की लांबचा रस्ता नाइलाजाने घेतल्याची छटा येते. उरतो तो साधा ‘फेरी’ हा शब्द. त्याला डावे-उजवे नाही. शीर्षकात तो योजला आहे तो याच कारणाने.

होअर घराण्याच्या एका वंशजाने 1946 साली ही मिळकत नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. त्याचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात 1917 साली जखमी होऊन मरण पावला होता. आज तेथे कोणालाही तिकीट काढून फिरता येते, आणि म्हणूनच अनोळखी माणसाला वाट सांगण्याची गरज निर्माण झाली.

स्वयंअध्ययन : आपल्या गावातील तळे, देऊळ किंवा बाजारपेठ यांभोवतीच्या फेरीचे वर्णन आठ-दहा वाक्यांत लिहा. नंतर तीच फेरी उलट बाजूने लिहा. दोन्ही लेखनांत बदललेले शब्द अधोरेखित करा आणि न बदललेल्या स्थलवाचक शब्दांची स्वतंत्र नोंद ठेवा. पुढील घटकात त्यांची आवश्यकता भासेल.