द्वेषाचं बी घरातच पडतं : एका चित्रपटावरून अभ्यास



या आठवड्याच्या चिंतनासाठी आपण एक इंग्रजी चित्रपट घेतला आहे. नाव ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’, साल १९९८. दिग्दर्शक टोनी के, मुख्य भूमिकेत एडवर्ड नॉर्टन. आधीच सांगून ठेवतो, यात मारहाण आणि शिवीगाळ फार आहे, त्यामुळे मुलांना घेऊन बघायचा नाही. चित्रपट न पाहता नुसता हा पाठ वाचला तरी चालेल.

*कथा थोडक्यात*
लॉस एंजलिसच्या व्हेनिस बीच भागातलं एक गोरं कुटुंब. वडील अग्निशमन दलात. अमली पदार्थांच्या अड्ड्यावरची आग विझवताना त्यांना गोळी लागते आणि ते जातात. थोरला मुलगा डेरेक सगळा राग काळ्या लोकांवर काढतो. कॅमेरॉन नावाचा एक मुरलेला माणूस हा राग हेरतो आणि त्याला आपल्या टोळीत ओढतो. डेरेक छातीवर हिटलरच्या पक्षाचं चिन्ह गोंदवून घेतो. एका रात्री गाडी चोरायला आलेल्या काळ्या तरुणांपैकी दोघांना तो ठार मारतो. तीन वर्षं तुरुंग होतो. तोवर धाकटा डॅनी दादाच्याच वाटेला लागलेला असतो.

*१. बी कुठे पडलं?*
बघताना वाटतं, वडील गेले म्हणून मुलगा बिघडला. पण शेवटाकडे एक जुना प्रसंग येतो. वडील जिवंत आहेत, सगळे जेवायला बसलेत. डेरेक शाळेतल्या स्विनी या काळ्या सरांचं कौतुक करतो, त्यांनी वाचायला दिलेल्या पुस्तकाबद्दल सांगतो. वडील ते हळूच खोडून काढतात. आपल्या दलात काळ्यांना कमी गुणांवर घेतलं, अशी तक्रार करतात. आरडाओरड नाही, शिवीगाळही फारशी नाही. मुलगा मान डोलावतो. बी पडलं ते तिथे! वडील काही राक्षस नव्हते, घरावर प्रेम करणारे होते. म्हणूनच त्यांचा शब्द मुलाच्या मनात खोल गेला. कॅमेरॉनने नंतर फक्त पाणी घातलं.

*२. मन कशाने बदललं?*
उपदेशाने नाही. तुरुंगात डेरेकला कपडे धुण्याच्या खात्यात लॅमॉन्ट या काळ्या कैद्यासोबत काम मिळतं. आधी तो बोलतही नाही. पण रोज समोरासमोर चादरींच्या घड्या घालताना हळूहळू हसणं-बोलणं सुरू होतं. मग कळतं, लॅमॉन्टला एका टीव्हीच्या चोरीपायी सहा वर्षं झालीत, आणि दोघांना मारणाऱ्या डेरेकला तीन! इकडे ‘आपली’ म्हणवणारी गोरी टोळीच त्याच्यावर भयंकर अत्याचार करते. स्विनी सर तुरुंगात भेटायला येतात आणि एवढंच विचारतात, की आजवर जे केलंस त्याने तुझं आयुष्य काही सुधारलं का? डेरेककडे उत्तर नसतं. पुढे सुटेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. ती लॅमॉन्टची कृपा, हे त्याला निघताना उमगतं.

*३. पेरलेलं उगवतंच*
घरी आल्यावर डेरेक डॅनीला सगळं खरं सांगतो. दोघे भिंतीवरची पोस्टरं काढून टाकतात. वाटतं, सुटलो. पण दुसऱ्याच दिवशी शाळेत एक काळा मुलगा डॅनीला गोळी घालतो. डेरेकने आपला द्वेष सोडला होता, पण बाहेर पसरलेला द्वेष कसा आवरणार? मन पालटलं तरी आधी केलेल्याचं फळ चुकत नाही, आणि ते भलत्यालाच भोगावं लागतं. म्हणून पालटायचं ते लवकर.

*चिंतनासाठी*
• आपल्यातली बरीच घरं दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या जातीधर्माच्या शेजारात पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्याविषयी आपण जेवताना काय बोलतो? तेव्हा मुलं कुठे बसलेली असतात?
• मुलाने अशा कोणाचं कौतुक केलं, तर आपला पहिला शब्द काय असतो?
• असा कोणी लॅमॉन्ट आपल्या आयुष्यात आहे का, ज्याचे आभार मानायचे राहिलेत?

*या आठवड्याचा नेम*
सात दिवस जेवताना ‘ती लोकं असलीच’ असं एकही वाक्य घरात बोलायचं नाही. निघालंच तोंडातून, तर तिथल्या तिथे, मुलांसमोरच मागे घ्यायचं. काय अनुभव आला ते रविवारी आपापल्या ग्रुपवर जरूर लिहा.