एका गोळीमागची एकेचाळीस वर्षे
कॅन्सर संशोधनातील मॉलिक्युलर बायॉलॉजिस्ट : काम, वाट आणि पालकांनी करायचा हिशोब

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर. पूर्वी तो झालेला रुग्ण बहुधा काही वर्षांतच दगावत असे. आज त्याच आजाराचे असंख्य रुग्ण रोज गोळी घेऊन कामावर जातात, मुलांची लग्ने लावतात. इमॅटिनिब नावाची ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. तिची गोष्ट मात्र १९६० मध्ये सुरू होते. फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. ते आखूड का, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले : ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती. त्या चुकीच्या जोडातून नवे जनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशीला सतत वाढायला लावते, हे पुढच्या दशकात उलगडले. मग त्या प्रथिनाला अडवणारे औषध तयार झाले.

पेशीच्या आत नेमके काय बिघडले, हे शोधणे म्हणजे मॉलिक्युलर बायॉलॉजी. हे काम करणाऱ्याला रुग्ण तपासावा लागत नाही, पण त्याने शोधलेले उत्तर रुग्णापर्यंत पोहोचते.

‘नीट’ हुकली म्हणून?

निकालानंतर पालक विचारतात, “मेडिकल हुकले, बायोटेकला घालू का?” माझे म्हणणे स्पष्ट आहे : फक्त मेडिकल हुकले म्हणून इथे येऊ नका. हे स्वतंत्र क्षेत्र आहे आणि त्याला स्वतंत्र ओढ लागते. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. पण त्यांनी स्वतः संशोधन निवडले. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

दिवसभर काय करायचे असते?

कॅन्सरच्या पेशी ३७ अंश तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवायच्या, त्यांना वेळेवर नवे माध्यम द्यायचे, डीएनए किंवा प्रथिने वेगळी काढायची, डीएनएच्या प्रती वाढवायला पीसीआर लावायचा, प्रथिन ओळखायला वेस्टर्न ब्लॉट करायचा आणि आलेला पट्टा खरा की चुकून आलेला, यावर गाइडशी वाद घालायचा. कल्चरला बुरशी लागली की तीन आठवड्यांची मेहनत फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पेशींना दिवाळीची सुट्टी नसते. शिवाय आता जनुकक्रमाची माहिती प्रचंड प्रमाणात हाती येते. ती वाचायला संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग यायलाच हवे.

वाट कशी?

अकरावीला जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय असतात. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. ‘नेस्ट’ परीक्षेतून भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबईतील कलिना संकुलातले सीईबीएस या दोन विज्ञान संस्थांची दारे उघडतात. यांपैकी काही मिळाले नाही, तर जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी. केलेल्यालाही वाट बंद नाही. चांगल्या विद्यापीठातून एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) जेआरएफ, म्हणजे संशोधन फेलोशिपची परीक्षा देता येते. खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र आणि पुण्याचे पेशीविज्ञान केंद्र एनसीसीएस, ही पीएच.डी.साठी आपल्या दाराशी असलेली दोन मोठी ठिकाणे.

हिशोब मांडा

बारावीनंतर पाच वर्षे एम.एस्सी.पर्यंत, पाच-सहा वर्षे पीएच.डी., मग दोन-चार वर्षे पोस्टडॉक. म्हणजे वर्गमैत्रिणी घराचे हप्ते भरत असतील, तेव्हा तुमची मुलगी तिशी ओलांडूनही कायम नोकरीच्या शोधात असू शकते. हे आधी समजून घ्या. पण पीएच.डी.ची वर्षे बिनपगारी नसतात. २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ फेलोला (एसआरएफ) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. वैद्यकीय शिक्षणासाठी काढावे लागते तसले मोठे कर्ज इथे सहसा लागत नाही.

प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञाची कायम पदे मोजकी आहेत आणि स्पर्धा तीव्र आहे. म्हणून दुसऱ्या दारांकडेही लक्ष ठेवा : कॅन्सर रुग्णालयांच्या मॉलिक्युलर प्रयोगशाळा, जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपन्या, जैविक औषधांचे कारखाने, क्लिनिकल ट्रायल, पेटंटचे काम. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या भारतातल्या पहिल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून, कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. असे उपचार रुग्णागणिक तयार करावे लागतात, त्यामुळे कल्चरची सवय असलेले हात तिथे लागतातच.

ठरवण्याआधी एक उन्हाळा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर मुलाला किंवा मुलीला एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने पाठवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिच्यासाठी अर्ज करा. तिथे नाही जमले, तर आपल्याच कॉलेजमधल्या संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. परत आल्यावर प्रमाणपत्र मागू नका, किती शिकायला मिळाले असेही विचारू नका. एवढेच विचारा, “कुठला प्रयोग फसला?” उत्तर दोन वाक्यांत संपले, तर घाई न करता दुसऱ्या वाटाही बघा. आणि जेवण थंड होईपर्यंत तो फसलेला प्रयोग का फसला असावा, पुढच्या वेळी काय बदलून बघायचे, हे सांगणे चालूच राहिले, तर या वाटेने जाऊ द्या. इमॅटिनिबच्या मागची एकेचाळीस वर्षे अशाच माणसांनी काढली आहेत.