पळणाऱ्या कुत्र्याची बोटे कशी जपावीत?

मित्रांनो, आपल्या लातूर भागात कारवान जातीची कुत्री पाळतात. नांदेड व सोलापूर भागातही ती असतात. कोणी त्यांना कारवानी म्हणतात. या कुत्र्याचे तोंड निमुळते, पोट आत गेलेले आणि पाय लांब व बारीक असतात. कानांवर, पायांवर आणि शेपटीवर लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. हा कुत्रा पळायला लागला की बघतच राहावे. भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात.

एवढे सगळे पळणे कशाच्या जोरावर? बोटांच्या! आपण चालताना टाच टेकतो. कुत्रा टाच टेकत नाही, तो बोटांवर चालतो. त्याच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा आहे असे पुष्कळांना वाटते. पण तो गुडघा नव्हे, ती त्याची टाच आहे.

बाजूच्या चित्रात पंजा काढला आहे तो पाहा. प्रत्येक पायाला टेकणारी चार बोटे असतात. पुढच्या पायाला थोडे वर अंगठ्यासारखे पाचवे बोट असते. टेकणाऱ्या बोटात तीन लहान हाडे असतात. खाली मऊ गादी असते. नखाच्या आत रक्ताची शीर असते, म्हणून नख मुळात मोडले की खूप रक्त येते व फार दुखते. मांजर नखे आत ओढून घेते, कुत्र्याला तसे येत नाही. कुत्रा पळता पळता वळतो तेव्हा तो नखांनी माती धरतो आणि अंगाचा सगळा भार बोटांवर येतो. त्याच वेळी इजा होते.

तूर काढल्यावर रानात धसकटे राहतात. ती खिळ्यासारखी असतात. आमची हरणी अशाच रानात पळाली आणि तीन पायांवर घरी आली. एक बोट सुजून जाड झाले होते. शेजारचे काका म्हणाले, "कुत्र्याचं काय एवढं, चाटून चाटून बरं होतंय." पण आबांनी तिला मोटारसायकलवरून गुरांच्या दवाखान्यात नेले. मीही मागे बसून गेलो. डॉक्टरांनी बोट हळूहळू दाबून पाहिले. ते म्हणाले, "हाड मोडलेले नाही, सांधा मुरगळला आहे. पण तसेच पळवले असते तर बोट वाकडे राहिले असते." मग त्यांनी मला पुष्कळ माहिती सांगितली. ती येथे देतो.

इजा झाली तर काय करावे?

१) प्रथम मोठ्या माणसाला बोलवावे. दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. मोठ्या माणसाने कापडाच्या पट्टीने त्याचे तोंड सैल बांधावे, श्वास नीट घेता आला पाहिजे. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नये.

२) रक्त येत असेल तर स्वच्छ फडके घेऊन ५ ते १० मिनिटे दाबून धरावे. सारखे उचलून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही तर दवाखान्यात न्यावे.

३) जखमेत माती गेली असेल तर मिठाच्या पाण्याने धुवावी. पाणी उकळून कोमट करावे. अर्धा लिटर पाण्याला एक लहान चमचा मीठ पुरते.

४) पट्टी बांधताना बोटांच्या मध्ये थोडा कापूस ठेवावा. पट्टी आवळून बांधू नये. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली असे समजावे व लगेच सोडावी. पट्टी ओली झाली तर बदलावी.

५) बोट वाकडे दिसले, सुजले, नख मुळातून उखडले किंवा कुत्रा पाय टेकतच नसेल तर घरी ओढून सरळ करू नये. दवाखान्यातच न्यावे.

काय करू नये?

जखमेवर रॉकेल, चुना किंवा तंबाखू लावू नये. माणसांची अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नये, ती त्याला विषासारखी होऊ शकते. लंगडणे थांबले की लगेच पळवू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस विश्रांती द्यावी. हरणीला तीन आठवडे बांधून ठेवले होते. ती रोज ओरडायची, पण आबांनी सोडले नाही. आता तिचे बोट सरळ आहे.

इजा होऊच नये म्हणून

नखे वाढू देऊ नयेत. लांब नखांमुळे बोटे वर उचलली जातात व मुरगळतात. नखे थोडी थोडी कापावीत. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबावे. काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून अगदी टोकच कापावे. धसकटांच्या व ढेकळांच्या रानात पळवू नये. पळवण्याआधी थोडा वेळ चालवावे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू ५ सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या गादीलाही सोसवणार नाही. पावसाळ्यात काळा चिखल बोटांत वाळतो, तो धुवून पंजे पुसावेत. कुसळे व गोखरू रोज काढावेत. कुसळ कातडीत शिरले की आत आत जाते व पू होतो.

सशामागे कुत्रा सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे.

कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचावी. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

कोणी कोणी लंगडा कुत्रा कामाचा नाही म्हणून लांब सोडून येतात. पण तो लंगडा का झाला हे आधी पाहायला नको का? त्याला सांगता येत नाही, आपल्याला पाहता येते. म्हणून मित्रांनो आणि पालकांनो, रोज संध्याकाळी भाकर टाकण्याआधी त्याचे चारही पंजे उचलून पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे.