महमूद गवानचा मदरसा : पाहावा कसा?



पृथ्वीवर संचार करून पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहावे, असा उपदेश पवित्र कुरआनात वारंवार आला आहे. डोळे उघडे ठेवून केलेला प्रवास हेही शिक्षणच होय. सुट्टीत आपण मुलांना खर्ड्याचा किल्ला दाखवतो. एखाद्या वेळी जामखेडहून लातूर-उदगीरमार्गे बीदरही गाठावे.

बहमनी सल्तनतीच्या या राजधानीत वजीर ख्वाजा महमूद गवान यांनी १४७२ मध्ये मदरसा उभारला. ते इराणच्या गीलान प्रांतातून व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आले होते. तीन मजली इमारत, मशीद, व्याख्यानगृहे, शिक्षक व विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि ग्रंथालय, असा हा पसारा होता. ग्रंथालयात ३,००० ग्रंथ होते, असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटाने वास्तूचा मोठा भाग कोसळला. आज एकच मिनार उभा आहे. त्यावर निळ्या फरशांचे अवशेष दिसतात.

मुलांना मिनाराबरोबरच त्याच्या निर्मात्याचे चरित्रही दाखवावे. राज्याची सूत्रे हाती असूनही गवान मातीच्या भांड्यात जेवत व चटईवर झोपत, असे फरिश्ता लिहितो. १४८१ मध्ये विरोधकांनी रचलेल्या बनावट पत्रावरून सुलतानाने त्यांना देहदंड दिला. मृत्यूनंतर घरात संपत्ती शोधली, तर ती फारशी सापडलीच नाही. त्यांची कमाई इल्मसाठी आणि गोरगरिबांसाठी खर्च झाली होती.

स्पेनमधील ग्रॅनाडा येथे सुलतान युसूफ पहिला याने १३४९ मध्ये स्थापलेल्या मदरशाची वास्तू आज तेथील विद्यापीठाकडे आहे. सत्ता गेल्या, इल्मसाठी केलेल्या कार्याची ओळख मात्र उरली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार माणसाच्या मृत्यूनंतरही तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते : सदका-ए-जारिया, लाभदायक ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. मदरसा बांधणाऱ्याला यांतील पहिल्या दोन गोष्टी एकत्र साधता येतात.

तेव्हा बीदरला जाताना नियत शुद्ध असावी. तेथे नक्षीची छायाचित्रे जरूर घ्यावीत. पण परतल्यावर आपल्या मोहल्ल्याकडेही पाहावे. दहावीनंतर कोणाची मुलगी घरी बसली आहे? कोणाचा मुलगा पुस्तकांअभावी गॅरेजवर जाऊ लागला आहे? लग्नाच्या मांडवातील एका जेवणावळीचा खर्च वाचवला, तरी अशा एका मुलाचे वर्ष वाचू शकते. ३,००० ग्रंथ जमवणे आपल्या आवाक्यात नसेल; एका मुलाची पुस्तके निश्चितच आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक इल्म आणि त्यावर अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.