आपली मज्जासंस्था आणि एक लहानशी जखम



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सातवीच्या वर्गातील एका मुलाला शाळेतून घरी जाताना वाटेत कुत्रे चावले. जखम घोट्याच्या जरा वर, दोन दातांपुरतीच होती. घरी रागावतील आणि पोटात चौदा सुया टोचतील, या भीतीने त्याने ती दोन दिवस लपवून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने ती गोष्ट माझ्या कानावर घातली. आम्ही त्याला घेऊन दवाखान्याकडे निघालो, तेव्हा तो काकुळतीने म्हणाला, "सर, जखम तर सुकत आली. पायाला झालेल्या एवढ्याशा जखमेने काय होणार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मात्र जखमेच्या आकारात नाही; ते आपल्या मज्जासंस्थेच्या रचनेत आहे. म्हणून प्रथम त्या रचनेची ओळख करून घेऊ.

बोलण्यात आपण 'शीर' हा शब्द फार सैलपणे वापरतो. हातावर निळसर रेघ दिसते तिलाही शीर म्हणतो, आणि कोपर बाकावर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या म्हणजे 'शिरेला लागले' असेही म्हणतो. या दोन वस्तू अगदी भिन्न आहेत. पहिली ही रक्त वाहून नेणारी पोकळ नळी होय. दुसरा आहे मज्जातंतू. तो पांढुरका व दोरीसारखा असून त्यातून निरोप वाहतात.

मज्जासंस्थेचा मूळ घटक म्हणजे चेतापेशी. तिच्या मुख्य भागातून झाडाच्या फांद्यांसारखे आखूड धागे निघतात. ते निरोप स्वीकारतात. दुसऱ्या बाजूने एक लांब धागा निघतो, तो निरोप पुढे नेतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. पेशी डोळ्यांना दिसणार नाही इतकी सूक्ष्म, परंतु कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचणारा तिचा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो! अशा असंख्य तंतूंची जुडी म्हणजे आपण ज्याला मज्जातंतू म्हणतो तो.

या पेशी जाळ्याप्रमाणे एकमेकींत विणलेल्या असतात, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. इटलीचे गोल्जी यांनी पेशी रंगवून स्पष्ट पाहण्याची युक्ती शोधली. स्पेनचे रामोन इ काहाल यांनी तीच युक्ती वापरून प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असल्याचे दाखवून दिले. दोघांना १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तरी गोल्जी स्वतः शेवटपर्यंत जाळ्याचीच कल्पना धरून होते. आज आपणांस माहीत आहे की दोन पेशींमध्ये बहुधा अतिसूक्ष्म फट असते. निरोप तंतूतून विद्युत्‌रूपाने धावतो आणि फटीपाशी आला की रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने पलीकडे जातो.

हा निरोप किती वेगाने जातो? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग सेकंदाला तीस मीटरांच्या आसपास असल्याचे दाखविले. माणसाच्या शरीरात स्निग्ध आवरण असलेल्या जाड तंतूंतून तो सेकंदाला शंभर मीटरांहूनही अधिक असतो, तर आवरणरहित बारीक तंतूंतून जेमतेम एक मीटर. याचा अनुभव तुम्ही घेतला आहे. उंबरठ्याला अंगठा ठेचतो तेव्हा प्रथम तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. एकाच जखमेचे हे दोन निरोप. एक वेगवान तंतूने आलेला, दुसरा मंद तंतूने.

सर्व निरोपांचे मुख्य ठाणे म्हणजे मेंदू. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असून त्यात अदमासे ८६ अब्ज चेतापेशी असतात. शरीराच्या वजनाच्या मानाने तो केवळ पन्नासाव्या हिश्श्याएवढा. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. मोठा मेंदू विचार, स्मरण, भाषा आणि ऐच्छिक हालचाली यांचे स्थान आहे. त्याच्या मागे व खाली असलेला लहान मेंदू तोल सांभाळतो आणि हालचालींत मेळ घालतो. त्याखालील मस्तिष्कपुच्छ श्वसन व हृदयाचे ठोके यांवर नियंत्रण ठेवते. तेथे इजा झाली तर प्राणच धोक्यात येतो.

मेंदूपासून खाली कण्याच्या पोकळीत उतरणारा मेरुरज्जू प्रौढांत सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब असतो. मेंदूपासून बारा व मेरुरज्जूपासून एकतीस मज्जातंतूंच्या जोड्या निघून सर्वांगात पसरतात. त्यांतील संवेदक तंतू बाहेरची वार्ता आत आणतात. प्रेरक तंतू आतली आज्ञा स्नायूंपर्यंत नेतात. काही आज्ञा देण्याचा अधिकार मेरुरज्जूकडेही आहे. काटा रुतताच पाय आपोआप वर उचलला जातो आणि वेदना मागाहून जाणवते. ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. याखेरीज हृदय, आतडी, ग्रंथी यांचा कारभार पाहणारी स्वायत्त मज्जासंस्था आपल्या इच्छेची वाट न पाहता रात्रंदिवस काम करीत असते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अक्षतंतू केवळ विजेचे निरोप नेतो असे नाही. पेशीला लागणाऱ्या द्रव्यांची त्यातून दोन्ही दिशांनी संथ ने-आणही चालू असते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत अलर्क रोगाचे, म्हणजे रेबीजचे, विषाणू असतात. ते जखमेतून मज्जातंतूच्या टोकात शिरतात आणि याच ने-आणीचा आश्रय घेऊन मेरुरज्जूकडे व तेथून मेंदूकडे सरकू लागतात. निरोप जो मार्ग क्षणात काटतो, तो काटण्यास त्यांना बहुधा कित्येक आठवडे लागतात. लक्षणे साधारणतः दोन-तीन महिन्यांनी दिसतात; कधी आठवडाभरातही, तर क्वचित वर्षानेही. मधल्या काळात जखम भरून येते आणि मनुष्य निश्चिंत होतो. मात्र मेंदूत शिरकाव होऊन पाण्याच्या घोटानेही घशाचे स्नायू आकसू लागले की पुढे रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

परंतु हाच संथपणा आपल्याला संधी देतो. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण करता आली तर प्राण वाचतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी हेच साधले. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांच्या लशीची पहिली मात्रा देण्यात आली. ती लस रोगी सशांचा मेरुरज्जू वाळवून तयार केलेली होती. मुलगा वाचला. विषाणू ज्या मेरुरज्जूच्या वाटेने मेंदूकडे जातो, त्याच मेरुरज्जूतून लस निघावी, हे मनात ठेवण्याजोगे आहे.

आजची लस त्याहून पुष्कळ सुरक्षित आहे. ती दंडावर देतात. पोटातील चौदा सुयांची भीती आता जुनी झाली. म्हणून कुत्रा, मांजर, माकड यांपैकी कोणी चावले वा ओरबाडले, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, कारण तंतूत शिरण्यापूर्वीच विषाणू धुऊन जाणे सर्वांत उत्तम. जखमेवर हळद, तिखट, चुना असे काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस पूर्ण करावी. जखम खोल असल्यास लशीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचावे लागते. त्यास नकार देऊ नये. उशीर झाला असला तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याने लशीच्या सर्व मात्रा घेतल्या. आज तो आठवीत आहे आणि खेळाच्या मैदानावर सर्वांच्या पुढे धावतो. त्याचे श्रेय डॉक्टरांना आहेच. पण मित्राची गोष्ट वेळेवर सांगणाऱ्या त्या दुसऱ्या मुलालाही आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलाने अशी जखम दाखविली तर आधी पाण्याचा नळ उघडावा. रागवायचे ते मागाहून रागवावे. ज्या घरात सांगण्याची भीती वाटत नाही, त्या घरातील मूल जखम लपवीत नाही.